लघवीवाल्या बाई

बाई आधी बाटलीकडे बघायच्या, मग माणसाकडे. वॉर्डात शिरल्या की खाटेखालची काचेची बाटली उचलायची, खिडकीशी जायचं, उजेडात तिरपी धरायची आणि डोळे बारीक करून आरपार पाहायचं. खाटेवरचा माणूस तोवर अवघडून बसलेला. बाटली खाली ठेवून बाई त्याच्याकडे वळायच्या. "काल दिवसभर पाणी नाही पेलास ना?" माणूस खाली मान घालून म्हणायचा, "नाई जी. इसरून गेलो." मग कुठे बाई त्याचं नाव-गाव विचारायच्या.

हुद्द्याने त्या ट्यूटर सिस्टर. भंडाऱ्यात आम्हा मुलींना नर्सिंग शिकवायच्या. पण खेड्यापाड्यांतून येणारे लोक त्यांना 'मूतवाली बाई' म्हणत, आणि आम्ही जरा सभ्यपणाने 'लघवीवाल्या बाई' म्हणायचो. दोन्ही नावं त्यांना ठाऊक होती. एकदा बाहेरच्या पायरीवर एक म्हातारा विचारत होता, "मूतवाली बाई कोनीकडं बसते?" बाई मागूनच येत होत्या. म्हणाल्या, "मीच ते. दाखवा बाटली."

मी भंडाऱ्याजवळच्या शहापूरची. घरात मुलगी शिकली ती मीच पहिली. सत्तरचं दशक अर्धं उलटलेलं होतं. पत्र्याची ट्रंक घेऊन एसटीतून उतरले तेव्हा मला वाटत होतं, नर्स म्हणजे पांढरी साडी, डोक्याला टोपी आणि हातात इंजेक्शन. पहिल्याच दिवशी बाईंनी आमची रांग लावली आणि प्रत्येकीला एकच वाक्य मोठ्याने म्हणायला लावलं, "तुम्हाला लघवी झाली का?"

आम्ही सगळ्या सतरा-अठराच्या. कोणी पदरात तोंड खुपसलं, कोणी फिदीफिदी हसलं. बाईंनी आम्हाला हसू दिलं. हसणं संपल्यावर त्या खुर्चीत बसल्या आणि वर्गातली प्रमाण भाषा सोडून घरच्या बोलीत बोलू लागल्या.

"माहा बाप लघवी बंद होऊन मेला. आमच्या गावी, कोंढ्याले. मी बारा वर्षांची होतो, भाऊ मायच्या कडेवर होता. बापाचं तोंड सुजलं, पाय सुजले, पोट फुगलं. गाव म्हणे बाहेरचं लागलं. वैदू आला, कोंबडं कापलं, धूर केला. घरात एवढे लोक, पण कोनं त्याले विचारलं नाही, का बाबा, लघवी होते का तुले? माय सुनेसारखी लाजून वागे, थे काय विचारन? तो काय सांगन? माणूस लाजेनं मरते, पोरीहो. आता म्हणा."

आम्ही म्हटलं. हसत नव्हतं कोणी.

वॉर्डाच्या टोकाला एक चिंचोळी खोली होती. तिथे स्पिरिटचा दिवा, परीक्षानळ्यांचा लाकडी स्टँड, साखर तपासायचं निळं द्रावण आणि मोरीत सतत ठिबकणारा नळ. तीच बाईंची खरी शाळा. परीक्षानळीत लघवी घ्यायची, नळी तिरकी धरायची आणि फक्त वरचा भाग दिव्यावर तापवायचा. वरचं धूसर झालं तर खालच्या स्वच्छ भागाशी ताडून बघायचं. मग अ‍ॅसिडचे थेंब टाकायचे. धूसरपणा विरला तर काळजी नाही, ते नुसते क्षार. राहिला तर अल्ब्युमिन. म्हणजे अंगातलं सत्त्व बाहेर चाललं आहे.

"पुस्तकात मूत्रपिंड लिहा, पेशंटजवळ गुर्दा म्हणा," बाई सांगायच्या. "आणि हे सूप आहे असं समजा. दिवसभर रक्त पाखडत बसते. कोंडा बाहेर, दाणा घरात. सूप फाटलं की दाणाही कोंड्यासंगं जाते. आणि एकदा फाटलं की शिवता येत नाही." शेवटचं वाक्य त्या नेहमी हलक्या आवाजात बोलायच्या. धानाच्या मुलखातल्या आम्ही पोरी, आम्हाला मूत्रपिंडाच्या आकृतीपेक्षा ते सूप लवकर कळलं.

मुतखड्याचे पेशंट आमच्याकडे पुष्कळ. भांड्यांच्या कारखान्यात भट्टीपुढे बसणारे कारागीर दिवसभर घाम गाळत आणि पाणी प्यायला उठत नसत. कंबरेतून जांघेकडे कळ उतरली की धिप्पाड माणूस खाटेवर गुरासारखा लोळायचा. बाई त्याच्या कंबरेला शेक द्यायला लावायच्या, डॉक्टरांकडून इंजेक्शन मिळवायच्या आणि कळ ओसरली की तांब्या हातात द्यायच्या. त्याची सगळी लघवी जाळीच्या कापडातून गाळायची, हे आमचं काम. नाक धरलेलं त्यांना चालत नसे. एकदा कापडावर ज्वारीच्या दाण्याएवढा, काटेरी, तपकिरी खडा सापडला. बाईंनी तो धुऊन त्या कारागिराच्या तळहातावर ठेवला. "पाहा. एवढ्याशानं तुले रडवलं. रोज पाणी पेशील तर दुसरा होणार नाही." तो माणूस खड्याकडे बघून ओशाळून हसला.

बाईंच्याही कंबरेत कळ यायची. शिकवता शिकवता त्या मध्येच थांबायच्या, खाटेची दांडी घट्ट धरायच्या, ओठांवर घाम फुटायचा. कळ गेली की अर्धं राहिलेलं वाक्य तिथूनच पुरं करायच्या. आम्ही एकमेकींना सांगत होतो, बाईंनाही खडा आहे. तसा तो होताही. पण खडा हे त्यांच्या दुखण्यातलं सगळ्यात लहान दुखणं होतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या वर्षाच्या मे महिन्यात पवनीकडची एक बाळंतीण आली. मूल पोटातच गेलेलं, रक्त फार गेलेलं आणि नंतर तिची लघवीच थांबलेली. अंग सुजून डोळे मिटले होते. भंडाऱ्यातल्या मे महिन्याचं ऊन मी सांगायला नको. पत्र्यावरून वाफ उतरत होती आणि ती पाणी मागत होती. खड्यावाल्याला पाणी पाजायचं आणि हिला मोजून द्यायचं, हे बाईंनी आम्हाला शिकवलं होतं. जेवढी लघवी बाहेर येते त्याच्या मानानेच पाणी आत. हिची तर थेंबभरही येत नव्हती.

ती पाया पडायची, शिव्या द्यायची. "रांडांहो, कुत्र्यालेबी पाणी देते कोनी!" माझी मैत्रीण सुशीला वॉर्डाबाहेर जाऊन रडली. बाई मात्र तिच्या उशाशी स्टूल घेऊन बसल्या. ओल्या कापडाने ओठ पुसायचे, जिभेवर लिंबाची फोड टेकवायची, पुन्हा ओठ पुसायचे. नागपूरला न्यायला डॉक्टरांनी सांगितलं होतं, तिचा नवरा गाडीच्या शोधात गेला होता. गाडी आली, पण त्याआधी ती गेली.

तिची सासू बाईंच्या अंगावर धावून आली. "पाण्यावाचून मारलं माह्या सुनेले! सात पिढ्या पाणी नाई भेटनार तुले!" म्हातारीचा आवाज बसेपर्यंत बाई समोर उभ्या राहिल्या. मग मला म्हणाल्या, "हिले बसव, पाणी दे. सकाळपासून हिनंही घेतलं नाही." आणि चिंचोळ्या खोलीत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती सकाळ आली. अल्ब्युमिनचं प्रात्यक्षिक होतं. मोरीशेजारी एक चिठ्ठी न लावलेली बाटली होती. अशी एक बाटली प्रात्यक्षिकाला नेहमीच तयार असायची. सुशीलाने ती उचलली आणि वासाने नाक मुरडलं.

"नाक मुरडू नको," बाई म्हणाल्या. "माझी आहे ती."

सुशीलाने बाटली पुढे केली. बाईंनी ती शांतपणे घेतली, नळीत ओतली, दिव्यावर धरली. वरचा भाग ढगाळला. अ‍ॅसिडचे थेंब पडले. ढग होता तसाच राहिला. "याचा अर्थ काय?" बाईंनी विचारलं. कोणीच बोलेना. "परीक्षेत असंच गप बसाल काय? याचा अर्थ काय?"

"अल्ब्युमिन," मी म्हटलं.

"मोठ्यानं."

"अल्ब्युमिन, बाई."

"बरोबर. नळी धुवा. पुढची."

जेवणाच्या सुट्टीत आम्ही त्यांच्याभोवती गोळा झालो तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. दोन्ही गुर्द्यांत पाण्याचे फोड आहेत, ते वाढत जातात आणि चांगला भाग दाबून टाकतात. बापालाही हेच असणार. औषध ब्लडप्रेशरचं, बाकी नाही. लग्न केलं नाही त्याचं कारणही तेच. "पोराले हे कायले देऊ?" असं म्हणून त्यांनी डबा उघडला. अळणी वरण, अळणी भात. आम्ही रोज बघत होतो, पण कधी विचारलं नव्हतं.

मी पास झाले आणि त्याच दवाखान्यात नोकरीला लागले. ऐंशी साल उलटून गेलं. बाई पिवळट दिसू लागल्या. पायऱ्या चढताना मध्येच थांबायच्या. अंगाला खाज सुटायची, अन्नाची शिसारी यायची, पण शिकवणं सुटलं नाही. शेवटी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. नागपूरला मशीनवर रक्त धुऊन घेता येईल, पण ते किती दिवस? रक्ताच्या नात्यातल्या कोणी एक किडनी दिली तर मुंबईत ऑपरेशन होतं.

रक्ताच्या नात्यात एकच होता, नामदेव. मायच्या कडेवरचा तो भाऊ. माय लवकर गेल्यावर बाईंनीच त्याला वाढवलं होतं. आता तो कोंढ्याला धानाची शेती करत होता, घरी बायको वच्छला आणि दोन मुली. निरोप मिळाल्याबरोबर तो आला. तोंडात पान, खांद्यावर दुपट्टा, अंगापिंडाने भक्कम.

"अक्का, देवानं दोन देल्ले. मले दोन कायले पाह्यजेत? एक तू घे."

"नामा, तुले पोरी आहेत."

"तं? तू होतीस म्हणून मी हाओ. नाईतं पोरी कोठून आल्या असत्या?"

बाई कितीतरी दिवस नाही म्हणत राहिल्या. मग वच्छला एकटीच आली. बाईंच्या क्वार्टरमध्ये मीही होते, पण तिने मला पाहिलंच नाही. ती उंबऱ्यातच बसली आणि बाईंचे पाय धरले. "अक्काजी, त्याइले नोका नेऊ. माहा संसार हाय. तुमाले मागं-पुढं कोनी नाई."

बाईंनी तिला उठवलं. "चहा घेशील?" एवढंच विचारलं. वच्छला चहा न घेता गेली. त्यावर तरी बाई नकारावर ठाम राहतील असं मला वाटलं. पण जगण्याची ओढ कोणाला नसते? नामदेव पुन्हा आला, हट्टाला पेटला, आणि एका दुपारी बाई 'हो' म्हणाल्या. त्या दिवशी मी त्यांना वेगळ्याच बघितलं. चेहऱ्यावर काहीतरी उजळलं होतं. मला म्हणाल्या, "मुंबईले गेलो तं समुद्र पाहून घेईन. वैनगंगेपल्याड मोठं पाणी पाहलंच नाही मी." मग लगेच नेहमीच्या आवाजात, "पण नामाले आधी मी तपासीन. मुंबईवाले तपासतीलच. मी आधी."

नामदेव ठरलेल्या दिवशी सकाळी आला, सोबत वच्छला. दोघं अंगणातल्या कडुनिंबाखाली बसली. वच्छलाचा चेहरा दगडासारखा होता. नामदेवने बाटली आणून दिली आणि पुन्हा जाऊन बसला. चिंचोळ्या खोलीत मी दिवा पेटवला. बाईंनी नळी धरली.

वरचा भाग धूसर झाला.

बाईंनी अ‍ॅसिड टाकलं आणि वाट बघितली. धूसरपणा गेला नाही. त्यांनी नळी ओतून दिली, घासून धुतली, दुसरी नळी घेतली, पुन्हा तापवलं. मग मला म्हणाल्या, "तू कर. माझे डोळे गेले असतील." मी केलं. धूसरपणा राहिलाच. ब्लडप्रेशरचं यंत्र उचलून त्या तडक कडुनिंबाखाली गेल्या, मी त्यांच्यामागे.

नामदेवच्या दंडाला पट्टा बांधला. पारा चढला तो उतरायला तयार होईना. बाईंनी दुसऱ्या दंडाला बांधून पाहिला. मग पट्टा हातातच गुंडाळत त्यांनी विचारलं, "नामा, कंबर दुखते?"

"चिखलणी केल्यावर कोनाची नाई दुखत?"

"लघवी लाल झाली कधी?"

नामदेव वच्छलाकडे बघून हसला. बाईंनी पुन्हा तेच विचारलं तेव्हा हसू मावळलं. "झाली होती. मागच्या सालीबी झाली, आनखी आता दिवाळीतबी."

"सांगतलं काहून नाही?"

"तुले कसं सांगू, अक्का? लाज वाटे."

बाईंनी फाडकन त्याच्या गालात मारली. दोन मुलींचा बाप, पिळदार अंगाचा माणूस, चार लोकांसमोर. नामदेव गाल धरून बघतच राहिला. आणि मग बाईंनी त्याचं डोकं दोन्ही हातांनी पोटाशी ओढून घेतलं आणि उभ्याउभ्या रडल्या. मी त्यांना रडताना बघितलं ते तेव्हाच.

"म्हंजे किडनी नाई चालत माही?" नामदेवने त्यांच्या पदरातूनच विचारलं.

"नाही चालत."

वच्छलाचा चेहरा क्षणभर सैल पडला. सुटका झाल्यासारखा तिने श्वास सोडला. मग तिचं लक्ष बाईंच्या रडण्याकडे गेलं आणि हळूहळू तिला उमगत गेलं. ती उठून उभी राहिली. "अक्काजी? ह्याइलेबी... तुमच्यासारखंच?"

"हो," बाई म्हणाल्या.

पुढे नागपूरला रंगाचं इंजेक्शन देऊन एक्स-रे काढला, त्यातही तेच निघालं. दोन्ही गुर्दे फोडांनी भरलेले. मुंबईचं नाव त्यानंतर बाईंनी काढलं नाही. मशीनवर त्या काही वेळा गेल्या. जाऊन आल्या की दोन दिवस बऱ्या असायच्या, मग पुन्हा तेच. एसटीचा तो प्रवास झेपेना तेव्हा त्यांनी जाणं बंद केलं.

राहिलेली सगळी शक्ती त्यांनी नामदेवच्या मागे लावली. महिन्याच्या महिन्याला त्याने येऊन ब्लडप्रेशर दाखवायचं. गोळी चुकवायची नाही. मीठ तोडायचं, पान-तंबाखू तोडायची. वच्छलाला समोर बसवून त्या शिकवायच्या, जसं आम्हाला शिकवलं होतं तसंच कडकपणे. "पाय रोज दाबून पाह्यजो. बोट लावल्यावर खड्डा राहिला तं त्याच दिवशी घेऊन येजो. त्याले विचारू नको, आणजो." वच्छला मान हलवायची. तिने बाईंच्या डोळ्यांत बघणं टाळलेलं मला दिसायचं.

अखेरच्या आजारात मात्र तीच आली. मुलींना आपल्या माहेरी ठेवून क्वार्टरमध्ये राहिली. बाईंची जीभ सुकून खरखरीत झाली होती, उचकी थांबत नव्हती, श्वासाला लघवीसारखा उग्र दर्प येत होता. वच्छला पेज भरवायची, त्या ओकायच्या, ती पुसून पुन्हा भरवायची. अंगाला खाज सुटली की ओल्या पंच्याने पुसत बसायची. शुद्ध जायला लागली तशा बाई बरळू लागल्या. मधूनच वर्ग घ्यायच्या. "वरचाच भाग तापव. सगळी नळी नाही." आणि एकदा स्पष्टपणे, "बाबा, उठून बसा जरा."

एका टळटळीत दुपारी त्या गेल्या. नामदेव औषध आणायला बाजारात गेला होता. वच्छलाच्या मांडीवर डोकं होतं. मी नाडी सोडली आणि तिच्याकडे बघून मान हलवली. ती रडली नाही. बाईंचे केस मागे सारत राहिली. मग म्हणाली,

"सिस्टर, मी मनात म्हनलं होतं, देवा, अक्काजी मरू दे, पन माह्या नवऱ्याले हात नोको लावू. देवानं आयकलं माहं." तिचे हात थांबले. "आता माह्या नवऱ्याले कोन पाह्यन?"

"मी बघेन," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

महिन्याच्या महिन्याला नामदेव येत राहिला. बहुतेक वेळा वच्छलाच त्याला घेऊन यायची, बाजाराला जनावर ओढून न्यावं तसं मनगट धरून. आम्ही पारा थोडाफार खाली ठेवला, पण फोड वाढायचे थांबले नाहीत. दर खेपेला तो जरा वाळलेला, जरा फिक्का दिसायचा. पुढे शेत त्याने बटईने, पिकाच्या वाट्यावर, दुसऱ्याला कसायला दिलं. तोही आता फार वर्षं काढणार नाही, हे आम्हा तिघांनाही कळत होतं, आणि तिघंही धानाच्या भावाबद्दल बोलायचो.

थोरल्या मुलीच्या लग्नाला मी कोंढ्याला गेले. मांडवात उकडत होतं, पंगत बसली होती. मुलीचा बाप म्हणून नामदेवने आधी जेवायचं नसतं, पण वच्छलाने त्याला बळेच माझ्याशेजारी बसवलं आणि घरात वेगळा शिजवलेला अळणी भात त्याच्या पत्रावळीवर वाढला. वाढप्याने त्यावर सवयीने कैरीच्या लोणच्याची फोड ठेवून दिली. नामदेवने माझ्याकडे पाहिलं.

"सिस्टर, आज पोरीचं लगन हाय. आजच्या दिवस खाऊ का?"

बॅन्ड वाजत होता. वच्छला वाढता वाढता थांबली होती.

"नको," मी म्हणाले.

त्याने ती फोड दोन बोटांनी उचलली, माझ्या पत्रावळीवर ठेवली आणि बोटं न चाटता धोतराला पुसली. मग तो भात कालवू लागला.